कोणत्या कंपनीची गाडी, कोणतं इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक मला सतत पाठवतात, शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दे तेच, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. आधी कंपनी ठरवू की आधी इंजिन?

सगळ्यात आधी तुमचं रनिंग लिहून काढा. खरंच, वहीत किंवा फोनमध्ये, पुढचे पंधरा दिवस. रोज किती किलोमीटर होतात, एका फेरीत किती होतात, इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद करता का, रात्री गाडी कुठे उभी असते, तिथे प्लग पॉइंट आहे का, लांबचा प्रवास महिन्यातून किती वेळा होतो. बहुतेक जण हे अंदाजाने सांगतात आणि तिथेच चुकतात, कारण वर्षातून दोनदा केलेला मोठा प्रवास चांगला लक्षात राहतो आणि रोजच्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या कुणाला आठवतच नाहीत. हा कागद समोर असला की इंजिनाचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो, मग त्या प्रकारच्या इंजिनात कुठलं मॉडेल चांगलं ते बघायचं, आणि कंपनीचं नाव त्यानंतर. लोगो आधी ठरवून गेलात तर शोरूममध्ये त्या दिवशी जे इंजिन हातात मिळतंय तेच तुमच्या गळ्यात पडतं.

२. पेट्रोल आणि डिझेलमध्ये फरक नक्की काय, फक्त ॲव्हरेजचा का?

नाही, आग लावायची पद्धतच वेगळी आहे आणि बाकी सगळे फरक तिथून निघतात. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबून स्पार्क प्लगने पेटवतात, निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चालवून दाखवलेल्या फोर-स्ट्रोकचंच हे रूप आहे. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच, नुसती हवा इतकी दाबतात की ती तापते आणि मग आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं, रुडॉल्फ डिझेलचं असं इंजिन १८९७ पर्यंत नीट चालायला लागलं होतं. पेट्रोलचं कॉम्प्रेशन साधारण ९ ते १३ पट असतं आणि डिझेलचं १५ ते २० पट. याला अपवाद आहेत, माझ्दाने २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेल दोन्हीचा रेशो १४ वर आणून दाखवला होता.

जास्त दाब म्हणजे इंधनातून जास्त काम निघतं, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज चांगलं. पण तो दाब सोसायला इंजिन जड आणि मजबूत करावं लागतं, इंजेक्टर महाग येतात, आणि धूर साफ करायला मागे एक आख्खी यंत्रणा जोडावी लागते. कमी आरपीएमला ताकद हवी असेल, म्हणजे भरलेली गाडी, लांब चढ, मागे ट्रेलर, तर डिझेल मस्त खेचतं. पेट्रोल हलकं, शांत आणि लवकर गरम होणारं.

३. माझं रनिंग कमी आहे पण मला डिझेलच आवडतं, घेऊ का?

नको. मी केलंय हे, म्हणून कळकळीने सांगते. माझी आधीची गाडी लहान डिझेल होती आणि रोजची फेरी जेमतेम सहा किलोमीटरची. वर्षभर काही वाटलं नाही, मग डॅशबोर्डवर एक दिवा लागायला लागला, पिकअप कमी झाला, पंखा गाडी बंद केल्यावरही फिरत राहायचा. एक दिवस सकाळी ऑइल बघायला डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं! मी तर वरून थेंबभरही टाकलं नव्हतं. बोटाला लावून वास घेतला तर स्वच्छ डिझेलचा वास, आणि बोटांमध्ये चोळलं तर ऑइलसारखा चिकटपणाच नाही, पाण्यासारखं पातळ.

झालं असं होतं की आजकालच्या डिझेल गाडीत एक डीपीएफ असतो, धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. तो भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात, आणि त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तेवढं तापमान गाठायला इंजिन जास्तीचं डिझेल आत सोडतं आणि हे काम पुरं व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. मी सहा किलोमीटरवर इंजिन बंद करायचे, म्हणजे दर वेळी काम अर्धवट, आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरत राहिलं. पातळ झालेलं ऑइल टर्बोला (तो काय ते प्रश्न ८ मध्ये) आणि बेअरिंगला घातक असतं. गाडीत दोष काही नव्हता, ती चुकीच्या कामाला लावली होती.

आठवड्यातून एकदोनदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी पळणार असेल तर डिझेलचा विचार करा. नसेल तर प्रश्न ४ आणि ६ वाचा.

४. माईल्ड हायब्रीड, फुल हायब्रीड, प्लग-इन हायब्रीड, हे सगळं एकच आहे का?

अजिबात नाही, आणि जाहिरातीत सगळ्यांवर हायब्रीड हा एकच शब्द छापतात म्हणून गोंधळ होतो. माईल्ड हायब्रीडमध्ये छोटी बॅटरी, बऱ्याचदा ४८ व्होल्टची, आणि छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, बहुतेक गाड्यांमध्ये मोटर एकटी चाकं फिरवू शकत नाही. इंधन थोडंसं वाचतं, बाकी गाडी साधीच समजा. फुल हायब्रीड म्हणजे टोयोटा प्रियससारखी, ती १९९७ च्या डिसेंबरमध्ये आली, यात गाडी काही अंतर नुसत्या मोटरवर चालते आणि ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत जाते. ट्रॅफिकमध्ये थांबत-थांबत चालणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त फायदा याचाच, आणि प्लग कुठे शोधावा लागत नाही.

प्लग-इनमध्ये बॅटरी मोठी असते, रात्री चार्ज केली तर रोजचं जाणं-येणं पूर्ण विजेवर होऊ शकतं. पण रोज चार्ज करणारच असाल तरच घ्या. चार्ज न करता वापरली तर एक जड बॅटरी पेट्रोल जाळून वाहत फिरायचं असा प्रकार होतो.

यात अजून एक उपप्रकार आहे, निसानचं ई-पॉवर, २०१६ पासून. त्यात इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, ते फक्त वीज तयार करतं आणि चाकं कायम मोटर फिरवते. होंडाची पद्धत याच्या जवळची, फक्त हायवेच्या वेगाला इंजिन क्लचमधून थेट चाकांना जोडलं जातं.

५. हायब्रीडमध्ये इंजिन पण आणि मोटर पण, म्हणजे बिघाड दुप्पट होणार ना?

ऐकायला बरोबर वाटतं पण टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रीडमध्ये उलट बरेच पार्ट कमी होतात. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, क्लच नाही, आणि गिअरबॉक्सच्या जागी दोन मोटर आणि एक प्लॅनेटरी गिअर सेट, जो कायम गुंतलेलाच असतो. त्याला ई-सीव्हीटी म्हणतात पण साध्या सीव्हीटीतला पट्टा (प्रश्न १२ बघा) त्यात नसतो, नावावरून घाबरू नका. ब्रेक पॅड पण जास्त टिकतात कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. एक काळजी मात्र घ्यायची, काही मॉडेलमध्ये बॅटरी थंड ठेवायला मागच्या सीटजवळ हवा खेचणारी जाळी असते, तिथे ब्लँकेट, पिशव्या, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. ती जाळी कुठे आहे ते गाडी घेतानाच विचारून घ्या.

६. इलेक्ट्रिक घ्यायची वेळ आली का अजून थांबू?

रात्री जिथे गाडी उभी राहते तिथे चार्ज करता येत असेल आणि रोजचं रनिंग गाडीच्या रेंजच्या निम्म्याहून कमी असेल तर थांबायला काहीच कारण नाही. इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास चाकांपर्यंत पोचवते, चांगलं पेट्रोल इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास थकतं, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट (प्रश्न १३ बघा) नाही.

घरी चार्जिंग नसेल तर मात्र शांतपणे विचार करा. पूर्णपणे बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलं की खर्च वाढतो आणि वेळ पण जातो, शिवाय फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर खूप मंदावतं, म्हणून प्रवासात १० ते ८० असंच धरून चालायचं. अशा माणसाला मी फुल हायब्रीड सांगते. थंडीचा आणि ट्रेलरचा मुद्दा वेगळा आहे, प्रश्न १७ बघा.

७. इलेक्ट्रिकची बॅटरी किती वर्षं टिकते? एलएफपी चांगली की एनएमसी?

बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी देतात आणि त्या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर त्यांची जबाबदारी. तुमच्या मॉडेलचे आकडे कागदावर बघून घ्या, सेल्समनच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली, त्यात निकेल-कोबाल्ट नसतं, चार्जिंगच्या फेऱ्या जास्त सोसते, उष्णतेत जास्त स्थिर राहते, पण तेवढ्याच रेंजसाठी जड होते आणि थंडीत चार्जिंगला रडते. एनएमसीत निकेल-मँगनीज-कोबाल्ट, वजनाच्या मानाने रेंज जास्त. वापरायची पद्धत पण वेगळी: एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा आणि लांब जायचं असेल तेव्हाच १००, तर एलएफपीवाल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीच सांगते की आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाजच बिघडतो. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असू शकतात, त्यामुळे बुक करण्याआधी नक्की विचारा.

८. छोटं टर्बो पेट्रोल घेऊ की मोठं बिनटर्बोचं?

टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे एक लिटरचं इंजिन दीड लिटरसारखं खेचतं. खालच्या आरपीएमला दम चांगला येतो आणि रोज चालवायला मजा येते. पण पाय जड असेल तर ॲव्हरेजचा फायदा संपतो, आणि ऑइलच्या बाबतीत चालढकल टर्बोला चालत नाही.

आता जरा आतलं सांगते कारण हे कुणी सांगत नाही. बहुतेक टर्बो पेट्रोलमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून धुवत जायचं, ते आता जात नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या मागे काजळीचा थर बसतो आणि बऱ्याच किलोमीटरनंतर गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, थरथरते. काही कंपन्या यावर दोन्ही जागी इंजेक्टर देतात, टोयोटाची डी-४एस पद्धत अशीच आहे. दुसरं, अशा इंजिनात कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला तर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनला धक्का बसू शकतो. त्यासाठी ऑइलचा एपीआय एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, कंपनीने सांगितलेलंच ऑइल टाका आणि खालचा गिअर घ्यायला आळस करू नका.

गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची आणि डोक्याला ताप नको, असं असेल तर साधं बिनटर्बोचं पेट्रोल. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर टर्बो खुशाल घ्या.

९. तीन सिलिंडर म्हणजे कमी टिकाऊ का?

टिकण्याचा आणि सिलिंडरच्या संख्येचा तसा संबंध नाही. चार सिलिंडरमध्ये क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) दर १८० अंश फिरल्यावर एक सिलिंडर पेटतो, तीनमध्ये दर २४० अंशांनी, आणि तीन पिस्टनमुळे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलतं, म्हणून आयडलिंगला थरथर जास्त जाणवते. बॅलन्स शाफ्ट (थरथर मारायला उलटा फिरणारा दांडा) किंवा चांगले इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) असतील तर ती बरीच कमी होते. सिग्नलला उभं राहिल्यासारखं पाच मिनिटं एसी लावून बसून बघा, स्टिअरिंगला आणि सीटला जे जाणवतं ते तुम्हाला रोज चालणार असेल तर झालं.

१०. जपानी भारी, जर्मन भारी की कोरियन भारी?

सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात आणि मला मनापासून वाटतं की हा प्रश्नच आता जुना झालाय. गाडीवर जे नाव असतं आणि आत जे असतं त्याचा देश एकच असेल असं नाही. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये परत आली ती बीएमडब्ल्यूच्या इंजिनासह, टोयोटा ८६ मध्ये बॉक्सर (आडव्या पिस्टनचं) इंजिन सुबारूचं, स्वीडनची व्होल्वो २०१० पासून चीनच्या गीलीकडे, ब्रिटनची जग्वार आणि लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे, ह्युंदाईने १९९८ मध्ये किया ताब्यात घेतली, आणि प्यूजो, फियाट, जीप, ओपल ही सगळी नावं २०२१ पासून स्टेलांटिस या एका छत्राखाली. फोक्सवॅगन, स्कोडा, सियाट आणि ऑडीच्या कितीतरी गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर (खालच्या सांगाड्यावर) आणि त्याच इंजिनांवर उभ्या असतात.

गिअरबॉक्सचं तर अजूनच. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यू, जग्वार, अल्फा रोमिओ अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी वापरला, आयसिनचे गिअरबॉक्स टोयोटापासून व्होल्वोपर्यंत, इंजेक्शनची यंत्रणा बऱ्याच जणांची बॉशची. त्यामुळे माझा मित्र म्हणतो की अमुक देशाच्या गाड्या घ्यायच्याच नाहीत तेव्हा मी विचारते, कुठलं मॉडेल, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठलं वर्ष? या चार गोष्टी सांगितल्या की बोलता येतं.

कंपनी-कंपनीत फरक नाहीच असं मात्र मी म्हणणार नाही. सिद्ध झालेलं इंजिन पंधरा वर्षं थोडं-थोडं सुधारत वापरायचं की दर चार वर्षांनी नवीन आणायचं, बिघाड निघाला तर मान्य करून वॉरंटी वाढवून द्यायची की ग्राहकालाच फिरवायचं, पार्ट दहा वर्षांनी पण मिळतात का, यात कंपनीचा स्वभाव दिसतो. आणि मोठं नाव आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे २०१५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं, फोक्सवॅगनच्या जगभरातल्या साधारण १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषणाच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर निघालं.

११. विश्वासार्हतेचे सर्व्हे असतात, त्यात वरचा नंबर बघून घेऊ का?

बघा, पण काय मोजलंय ते वाचून बघा. जे. डी. पॉवर या अमेरिकन सर्व्हे कंपनीचा इनिशिअल क्वालिटी सर्व्हे पहिल्या ९० दिवसांच्या तक्रारी मोजतो, त्यांचाच डिपेंडेबिलिटी सर्व्हे तीन वर्षं जुन्या गाड्यांचा असतो. आकडा दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी असा. आता यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही पण एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला ही पण एकच तक्रार. टचस्क्रीनवर वैतागलेले लोक जास्त असले की इंजिन दणकट असूनही कंपनी खाली घसरते. आणि गाडी आठव्या-दहाव्या वर्षी कशी वागेल हे तीन वर्षांच्या आकड्यांवरून कळत नाही, ते तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, गॅरेजमध्ये कुठलं मॉडेल कशासाठी येतं हे त्याला तोंडपाठ असतं.

१२. ऑटोमॅटिक घ्यायचीय, पण सीव्हीटी, डीसीटी, टॉर्क कन्व्हर्टर यातलं काय?

इंजिनाइतकाच हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण चांगल्या इंजिनाच्या गाड्या गिअरबॉक्समुळे बदनाम झालेल्या आहेत. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) सगळ्यात जुना आणि सोशिक, ट्रॅफिक, चढ, ट्रेलर सगळं सहन करतो. सीव्हीटीत गिअर नसतात, दोन पुलींमधला पट्टा सरकत राहतो, शांत आणि काटकसरी, पण जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागून येते. डीसीटीत दोन क्लच असतात आणि गिअर विजेसारखे पडतात, पण ड्राय क्लचवाला डीसीटी मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो, त्यामुळे तुमच्या प्रश्न १ च्या कागदावर ट्रॅफिक जास्त असेल तर ऑइलमध्ये बुडालेला वेट क्लचवाला शोधा किंवा टॉर्क कन्व्हर्टर घ्या. आणि लाइफटाइम ऑइल असं कुणी म्हटलं तरी गिअरबॉक्सचं ऑइल वेळच्या वेळी बदला.

१३. टायमिंग चेन की बेल्ट?

पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवायचं काम ही चेन किंवा बेल्ट करतो. चेन चांगली, पण ऑइल वेळेवर बदललं तरच, नाहीतर ती सैल होते आणि सकाळी स्टार्ट केल्यावर खडखडते. रबरी बेल्ट ठरलेल्या किलोमीटरवर किंवा ठरलेल्या वर्षांत बदलायचाच, दोन्हीपैकी जे आधी येईल ते, कारण तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन खोलायची वेळ येते. तिसरा प्रकार म्हणजे ऑइलमध्येच चालणारा वेट बेल्ट, काही छोट्या टर्बो इंजिनांत असतो. चुकीचं ऑइल टाकलं किंवा ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत राहिलं तर त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. सेकंड हँड घेताना हे आधी विचारा.

१४. कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज मला मिळतच नाही, फसवणूक आहे का?

आकडा प्रयोगशाळेतला असतो, रोलरवर, ठरलेल्या वेगाने. युरोपात जुनी एनईडीसी चाचणी जाऊन सप्टेंबर २०१७ पासून नवीन मॉडेलना डब्ल्यूएलटीपी लागू झाली, ती ३० मिनिटांची आणि सुमारे २३ किलोमीटरची आहे, जुनी २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती, म्हणून नवे आकडे खऱ्याच्या जरा जवळ आले. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत ना बघा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. प्लग-इन हायब्रीडच्या आकड्यावर तर जाऊच नका, तो बॅटरी चार्ज करून वापरता असं धरून काढलेला असतो.

१५. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकलं तर गाडी जास्त पळेल का?

कंपनीने मागितलं नसेल तर नाही. ऑक्टेन म्हणजे मिश्रण वेळेआधी पेटू नये याची सहनशक्ती, त्यात जास्त ऊर्जा भरलेली नसते. टाकीच्या झाकणामागे जो आकडा लिहिलाय तो पाळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं विचाराल तर एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे प्रमाण वाढेल तसं ॲव्हरेज थोडं उतरणारच.

१६. सीएनजीचं काय?

रनिंग भरपूर आणि पंप वाटेवर असेल तर उत्तम. गॅस २०० बार दाबाने भरलेला असतो, सिलिंडर डिकी खातो, आणि ताकद दहाएक टक्के कमी मिळते, चढावर भरलेल्या गाडीत ते कळतं. कंपनीतून बसवून आलेलीच घ्या, कारण गॅसवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती कडा) जास्त झिजते आणि कंपनीच्या सीएनजी गाडीत सहसा ती कडक धातूची असते. बाहेरून किट बसवलंत तर इंजिनाची वॉरंटी जाऊ शकते.

१७. मी खूप उंचावर किंवा खूप थंडीत राहतो, मला पण हेच लागू का?

इथे काही गोष्टी उलट्या होतात. दर हजार मीटर उंचीला हवा विरळ होत जाते आणि बिनटर्बोचं इंजिन साधारण दहा टक्के ताकद गमावतं, त्यामुळे प्रश्न ८ मध्ये मी साध्या पेट्रोलकडे झुकले असले तरी तुम्ही टर्बोच घ्या, तो बरीच भरपाई करतो. इलेक्ट्रिकला विरळ हवेने काही फरक पडत नाही आणि उतारावर ती ऊर्जा परत पण कमावते, पण कडक थंडीत रेंज चांगलीच घटते, हिटरला वीज लागते आणि बॅटरी पण आखडते. हीट पंप (कमी विजेत गाडी गरम करणारी यंत्रणा) असलेली घ्या आणि चार्जरला लावलेली असतानाच गाडी गरम करून निघा. डिझेल फार थंडीत मेणासारखं गोठायला लागतं, तिथे हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं तेच भरा.

मागे ट्रेलर ओढणार असाल तर इलेक्ट्रिकची रेंज खूप पडते. नेहमी लांब ओढायचं असेल तर इथे मी आजही डिझेलच सांगते.

१८. रोटरी इंजिनाची जुनी गाडी मिळतेय, मोह होतोय, घेऊ का?

प्रेमाने घेणार असाल तर घ्या, रोजच्या कामाला नको. माझ्दाने १९६७ च्या कॉस्मोपासून हे इंजिन जपलं, १९९१ ची ले मान्सची २४ तासांची शर्यत त्यावर जिंकली, आणि आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं. यात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांच्या सील झिजल्या की कॉम्प्रेशन जातं. ते ऑइल मुद्दाम जाळतं, त्यामुळे पातळी सतत बघावी लागते. थंड असताना सुरू करून लगेच बंद केलं तर प्लग भिजतात. गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी परत स्टार्ट करून बघा, तेव्हा त्रास दिला तर सोडून द्या.

१९. हायड्रोजन येणार म्हणतात, त्यासाठी थांबू का?

थांबू नका. टोयोटाची मिराई २०१४ मध्येच बाजारात आली, ७०० बारच्या टाक्या, भरायला काही मिनिटं, सगळं छान. पण विजेतून हायड्रोजन करायचा, दाबायचा, न्यायचा आणि गाडीत परत वीज करायची यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते, आणि पंप मोजक्या ठिकाणी.

२०. अगदी नवीन कंपनी स्वस्तात भरपूर फीचर देतेय, घेऊ की जुनं नाव बरं?

नवीन आहे म्हणून वाईट नाही. बीवायडी आधी बॅटरी बनवायची, गाड्यांमध्ये २००३ मध्ये उतरली, आणि बॅटरीची तिची समज कितीतरी जुन्या कंपन्यांपेक्षा खोल आहे. मी फक्त तीन गोष्टी विचारते. दार आणि बंपर ठोकला गेला तर पार्ट किती दिवसांत येतो, सर्व्हिस सेंटर नसलेल्या ठिकाणी गाडी बंद पडली तर काय, आणि कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर गाडीतलं सॉफ्टवेअर कोण बघणार. समाधानकारक उत्तरं लेखी मिळाली तर घ्या. पूर्णपणे नवीन इंजिन किंवा गिअरबॉक्स असेल, मग कंपनी जुनी का असेना, तर पहिल्या वर्षाचा लॉट टाळलेला बरा, सुरुवातीचे दोष पहिल्या ग्राहकांकडेच निघतात.

२१. सेकंड हँड घेताना कंपनी बघू की इंजिन की किलोमीटर?

आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते. डिझेल कमी किलोमीटरची आणि जुनी दिसली की मी सावध होते, कारण प्रश्न ३ मधली गोष्ट त्या गाडीत पण घडलेली असू शकते, त्यापेक्षा हायवेवर दुप्पट पळालेली बरी. टर्बो पेट्रोलच्या ऑइलची बिलं तारखेसकट बघा. हायब्रीड आणि इलेक्ट्रिकचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या.

आणि गाडी बघायला जायच्या आधी फोनवर सांगून ठेवा की मी यायच्या आधी स्टार्ट करू नका, मला थंड इंजिन बघायचंय. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर वाद घालू नका, उद्या सकाळी परत येते म्हणा. थंड असेल तर आधी डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या, मग एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करा आणि चावी फिरवा. पहिल्या दहा सेकंदांत चेनची खडखड ऐकू येते का, निळा धूर निघतो का, आरपीएम वरखाली होतो का, ते बघा, कारण इंजिन एकदा गरम झालं की यातलं बरंच काही झाकलं जातं.